कलावंतांची संघटना : मान, दाम आणि कागद

गेल्या वर्षी मराठीच्या तासाला लोकनाट्याचा भाग शिकवताना आमच्या सरांनी सहज एक प्रश्न विचारला. "गिरणी कामगारांचा संघ असतो, एस.टी. कामगारांचा असतो, आम्हां शिक्षकांचाही असतो. मग तमाशातल्या ढोलकीवाल्याचा संघ कुणी पाहिला आहे काय?" वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही, कारण माझे आबा (वडिलांचे वडील) ढोलकीवाले आहेत. त्या दिवशी घरी जाताना हा प्रश्न मी बरोबर नेला आणि तेव्हापासून जे वाचले, विचारले, त्याचा गोषवारा या लेखात मांडत आहे.

माझे गाव बीबी. लोणार तालुक्यातले, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना लागणारे. आमच्या भागात जत्रा-यात्रांना तोटा नाही. आश्विनात देऊळगावराजाची बालाजीची यात्रा, होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा, आणि त्यांच्यामध्ये गावोगावच्या लहानमोठ्या जत्रा. आबांनी वीस-बावीस वर्षे अशा जत्रांमधून फडात ढोलकी वाजवली. सकाळपर्यंत उभे राहून वाजवायचे, दिवसा ट्रकमध्ये झोपायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी पुन्हा राहुटी ठोकायची. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत हाच क्रम. पावसाळ्यात घरी बसून मोलमजुरी आणि पुढच्या हंगामासाठी फडमालकाकडून 'उचल'. ही उचल फेडण्यासाठीच पुढचा हंगाम वाजवायचा, असा तो फेरा होता.

एका गावी अवकाळी पाऊस आला. खेळ निम्म्यात बंद पडला आणि ज्याने सुपारी दिली होती तो कंत्राटदार रातोरात निघून गेला. फडाचे पैसे बुडाले आणि ते शेवटी प्रत्येकाच्या उचलीवर चढले. मी आबांना विचारले, "कागद केला नव्हता का?" ते म्हणाले, "कागद कोन मांगते बाप्पा? सुपारी घेतली म्हंजे जबान झाली."

या एका वाक्याने मला अभ्यासाची दिशा दिली.

परिषद आणि संघ

आपल्याकडे कलावंत एकत्र आलेच नाहीत असे म्हणणे खरे होणार नाही. पहिले मराठी नाट्यसंमेलन १९०५ साली मुंबईत भरले. त्याचे अध्यक्ष होते अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, म्हणजे आपल्या वऱ्हाडचेच. नाट्यपरिषदेची परंपरा तेव्हापासूनची आहे. परंतु परिषद वेगळी आणि कामगार संघ वेगळा. परिषद कलेचा विचार करते, संमेलने भरविते, गुणवंतांचा सत्कार करते. संघ मात्र विचारतो की रात्रीचे किती देणार, तालमीचे देणार की नाही, अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. परिषदेत नाटककार, नट, मालक आणि रसिक एकाच मांडवात बसू शकतात. संघात मात्र देणारा एका बाजूला आणि घेणारा दुसऱ्या बाजूला बसतो. मान मिळवून देणे हे परिषदेचे काम, तर दाम मिळवून देणे हे संघाचे. दोन्ही हवेत, पण एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

मग रंगभूमीवर संघ इतक्या उशिरा का आला? याचे कारण मला असे दिसते की, कलावंताचा मालक कोण हेच पुष्कळ दिवस स्पष्ट नव्हते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केले ते संस्थानिकांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव पटवर्धन निवर्तल्यावर तो आश्रय संपला आणि मंडळी गावोगाव फिरून तिकिटावर खेळ करू लागली. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांची मंडळी उभी राहिली. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी तिच्यातून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. येथे तर नटच मालक झाले. कंपनी म्हणजे एक मोठे बिऱ्हाड होते. जेवण एका पंगतीत, मुक्काम एका छपराखाली. अशा घरात पगार थकला तर भांडायचे कोणाशी? घरच्या माणसाशी भांडण करणे बरे दिसत नाही, ही भावना संघटनेच्या आड येत राहिली. १९३१ साली 'आलम आरा' हा पहिला बोलपट आला, नाटक कंपन्या एकामागून एक बसल्या, आणि हे बिऱ्हाड मोडले तेव्हा कित्येकांच्या हाती काहीच उरले नाही.

गिरणगावात मात्र मालक स्पष्ट दिसत होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा स्थापन केली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. गंमत अशी की, कामगारांची ती सुट्टी म्हणजेच नाटकवाल्यांचा कामाचा दिवस!

परदेशातील एक उदाहरण

न्यूयॉर्क शहरात १९१३ साली ११२ नटनट्यांनी 'अ‍ॅक्टर्स इक्विटी असोसिएशन' ही संघटना स्थापन केली. तेथील नटांची त्या काळची गाऱ्हाणी वाचताना मला आबांची आठवण झाली. आठवडेच्या आठवडे बिनपगारी तालमी, पोशाखाचा खर्च पदरचा, आणि दौऱ्यावर कंपनी बुडाली तर परतीचे भाडेसुद्धा स्वतःचे. १९१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी संप पुकारला. तो तीस दिवस चालला आणि ३७ नाटके बंद पडली. शेवटी निर्मात्यांनी संघटनेला मान्यता दिली आणि करारनामा झाला. आठवड्याला आठ प्रयोग ही मर्यादा त्यात मान्य झाली. येथे संपाइतकाच महत्त्वाचा आहे तो त्यातून निघालेला कागद. संप तीस दिवसांत संपला. करारनाम्याची पद्धत शंभर वर्षांवर टिकली आहे.

आपल्याकडील वाटचाल

मुंबईत चित्रपटव्यवसायात ही जाणीव लवकर आली. नट, वादक, नर्तक, प्रकाशयोजनेचे कामगार अशा निरनिराळ्या कामांच्या निरनिराळ्या संघटना झाल्या आणि १९५६ साली पश्चिम भारतातील सिने-कामगारांचा महासंघ उभा राहिला. पुढे १९८१ साली संसदेने सिने-कामगारांसाठी कायदा केला. त्याचे मुख्य कलमच असे होते की, लेखी करार केल्याशिवाय कोणाही सिने-कामगाराला कामावर घेता येणार नाही. २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेत हा कायदा विलीन झाला आणि त्याची व्याप्ती दूरचित्रवाणी व वेब मालिकांपर्यंत वाढली. पण त्या व्याख्येतही प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष उभा राहणारा रंगमंचावरचा कलावंत आला नाही. कॅमेऱ्यासमोर नाचणारीला कायदा ओळखतो, बोर्डावर नाचणारीला ओळखत नाही.

याहून मोठी अडचण एका निकालाने पुढे आली. भोपाळच्या भारत भवनातील नाट्यकलावंतांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ साली न्यायालयाने असा निर्णय दिला की, नाट्यकलावंताचे काम सर्जनशील असते, सबब औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने तो 'कामगार' नव्हे. निकालाचा आदर ठेवूनही एक विद्यार्थी म्हणून मला विचारावेसे वाटते की, ज्याच्या हातात प्रतिभा आहे त्याच्या पोटात भूक नसते काय? ढोलकीवर बोटे फुटेपर्यंत वाजवणे ही कला आहेच, पण तितकेच ते कष्टही आहेत. आपण कलावंताला सरस्वतीचा पुत्र म्हणतो आणि त्याच कारणाने त्याच्या मजुरीचा हिशेब करायचे टाळतो.

तमाशाची वाट तर आणखी बिकट. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली आणि नंतर महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमण्यात आली. (आपला बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, १९५६ साली तो मुंबई राज्यात आला.) म्हणजे गिरणी कामगार जेव्हा बोनससाठी लढत होता, तेव्हा तमाशा कलावंताला आपला धंदा अब्रूचा आहे एवढेच सिद्ध करण्यात शक्ती घालवावी लागत होती. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींचे पदक मिळाले, आणि त्यांच्याच म्हातारपणात पैशाची ओढाताण महाराष्ट्राने पाहिली. २००२ साली त्या गेल्या. मान आणि दाम यांतले अंतर दाखवायला याहून दुसरे उदाहरण नको.

यादीचे महत्त्व

संघटनेचा उपयोग काय, हे २०२० साली सर्वांना दिसले. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. पाडव्याला नारायणगावच्या राहुट्यांमधून जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. नेमक्या त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि सगळा हंगाम बुडाला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतही काम थांबले होते. पण तेथे महासंघाकडे रोजंदारीवरच्या कामगारांची यादी तयार होती, त्यामुळे मदत देणाऱ्यांना ती थेट बँक खात्यात भरता आली. आमच्या भागातल्या वाजंत्री, गोंधळी, शाहीर आणि तमाशाच्या मंडळींची यादी कोणाकडे होती? ज्याची यादी नाही, त्याला मदत करण्याची इच्छा असणाराही मदत करू शकत नाही.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संघटना म्हटली की ती न्यायीच असते असे नाही. मुंबईतील रंगभूषाकारांच्या संघटनेने अनेक वर्षे स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून सभासदपत्रच दिले नाही. स्त्रीने केशभूषा करावी, रंगभूषा पुरुषाने, असा त्यांचा नियम होता. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य हवे अशीही अट होती. चारू खुराना यांनी दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम रद्द ठरविले. ज्या दाराने आपण आत आलो, ते दुसऱ्यासाठी बंद करणारी संघटना लवकरच मालकासारखी वागू लागते, हा धडा आपण विसरू नये.

आबांचा अर्ज

महाराष्ट्र शासनाची वृद्ध कलावंतांसाठी मानधन योजना १९५४-५५ पासून आहे. २०२४ पासून तिच्यात दरमहा ५००० रुपये मिळतात. आबांनी दोनदा अर्ज केला आणि दोनदा तो परत आला. कारण एकच, कला सादर केल्याचा पुरावा जोडलेला नाही. मी घरातली पत्र्याची पेटी उपसली तेव्हा तिच्यात एक पिवळे पडलेले हँडबिल सापडले. त्यावर फडमालकाचे नाव ठळक अक्षरांत आहे, नाचणाऱ्या बाईचे आहे, सोंगाड्याचे आहे. खाली लिहिले आहे, "व इतर कलावंत." आबा त्या 'इतर' मध्ये आहेत. वीस-बावीस वर्षांच्या कामाचा तेवढाच दाखला.

म्हणून या अभ्यासातून मी जो निष्कर्ष काढला तो लहानसाच आहे. कलावंतांच्या संघाचे पहिले काम संप करणे नव्हे, तर कागद करणे. सभासदाचे ओळखपत्र, सुपारीचा छापील करारनामा, प्रत्येक खेळाची नोंदवही आणि तीत 'इतर' नव्हे, तर प्रत्येकाचे नाव. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात नोंदणीसाठी सात जणांचा अर्ज पुरत असे. २००१ च्या दुरुस्तीने उद्योगातील शेकडा दहा किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद हवेत, अशी अट आली. पण सातांचा किमान आकडा कायम राहिला. एका फडात सातांहून अधिक माणसे असतात, आणि आपल्या जिल्ह्यात शंभर कलावंत एका जत्रेतही सापडतील. अडचण संख्येची नसून, आपण 'कामगार' आहोत हे मान्य करण्याची आहे.

नोंदणी होईल तेव्हा होईल. यादी करायला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्या महाविद्यालयात आजूबाजूच्या तीस-चाळीस खेड्यांतून विद्यार्थी येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात प्रत्येकाने आपल्या गावातील वाजंत्री, गोंधळी, भजनी, शाहीर व तमाशा कलावंतांची नावे, वय, वाद्य आणि कामाची वर्षे लिहून आणली, तर एका वर्षात तालुक्याची नोंदवही तयार होईल. सरांनी या सूचनेला होकार दिला आहे.

बीबीचे पहिले पान मी लिहिले आहे. त्यात अकरा नावे आहेत. आबांचा तिसरा अर्ज मी याच आठवड्यात भरत आहे. त्यांच्याबरोबर वाजवलेल्या दोघा वृद्ध कलावंतांनी लेखी दाखले दिले आहेत. सही करता येत नाही म्हणून त्यांनी अंगठे उमटवले. दाखला हाती देताना त्यांतले एक आजोबा मला म्हणाले, "बाप्पा, माह्याबी नावाचा एक कागद करून ठेव."