स्नोबेरी आणि आपली पांढरफळी

इंग्रजी कथा-कवितांत ‘स्नोबेरी’ हा शब्द भेटला, की आपण शब्दकोश उघडतो, ‘पांढरी फळे येणारे एक झुडूप’ एवढा अर्थ वहीत उतरवतो आणि पुढे जातो. वास्तविक नेमक्या याच अर्थाचे नाव धारण करणारे एक झुडूप आपल्याकडेही आहे. मात्र आधी त्या परदेशी झुडपाविषयी थोडे.

स्नोबेरी मूळची उत्तर अमेरिकेची. ओढ्याकाठी आणि डोंगरउतारांवर ती जमिनीखालून फुटवे काढीत दाट जाळी करते. थॉमस जेफर्सन यांनी ती आपल्या बागेत लावली आणि १८१२ साली एका पत्रात तिच्या फळांची मनापासून वाखाणणी केली. १८१७ साली ती ब्रिटनमध्ये पोहोचली व तेथील बागांत रुळली. पाने झडल्यावर उघड्या काड्यांवर लटकणारे पांढरेशुभ्र घोस हेच तिचे वैभव. बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेल्या आपणांस त्याची कल्पना थोडी ताणूनच करावी लागते! हे फळ पक्षी खातात. माणसाला मात्र ते बाधते.

आता आपली पांढरफळी. शास्त्रीय नाव फ्लुजिया ल्युकोपायरस, कूळ आवळ्याचे. म्हणजे स्नोबेरीशी तिचे नाते केवळ रंगापुरते. उघड्या, खडकाळ माळावर ती वाढते. फांद्यांची टोके काट्यासारखी अणकुचीदार, पाने लहान व गोलसर, फुले इतकी बारीक व हिरवट, की शोधावी लागतात. फळ वाटाण्याएवढे, पांढरे, रसाळ व गोड. गुराख्याची पोरे आणि बुलबुल दोघेही त्यावर ताव मारतात. पानांचा लगदा गुरांच्या जखमांतील किडे मारण्यासाठी लावीत. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात या झुडपाची नोंद केली आहे. तिचे एक बिनकाटेरी भावंडही आहे. त्याची साल मासे गुंगवण्यासाठी वापरीत. तेव्हा फळ गोड म्हणून साल-पाला तोंडात घालू नये, आणि जाणत्याने ओळख पटवल्याशिवाय फळही खाऊ नये.

कोपरखैरण्यापुरते बोलायचे, तर पश्चिमेला खाडी आणि पूर्वेला, कारखान्यांच्या पट्ट्यापलीकडे, पारसिकचा डोंगर. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे भातखाचरांच्या जागी सेक्टर आले. बैठ्या घरांपुढे चार कुंड्यांची जागा उरली, तीत रोपवाटिकेतून आणलेले ‘स्नो-बुश’ हमखास दिसते. पांढऱ्या-गुलाबी छटांच्या पानांचे हे झुडूप प्रशांत महासागरातील बेटांवरचे. गंमत अशी, की तेही आवळ्याच्याच कुळातले. म्हणजे पांढरफळीची दूरची बहीण आपण पैसे मोजून दारात आणली. खुद्द पांढरफळीचे नाव मात्र रोपवाटिकेतही कोणी घेत नाही.

कुंडीत ती फारशी शोभणार नाही, हे खरे. पण सोसायटीच्या आवाराला जिवंत कुंपण हवे असेल, तर काटे आणि काटकपणा हे तिचे दोष नव्हेत, गुणच आहेत. रानातले झुडूप उपटून आणू नये. पिकल्या फळांचे बी पेरावे. एकच रोप लावून फळांची वाट पाहणाऱ्याची निराशा होईल, कारण हिच्यात नर व मादी फुले वेगवेगळ्या झुडपांवर येतात. म्हणून पाच-सहा रोपे जवळजवळ लावावीत. कोणते कोण, ते फुले आल्यावर कळते.