पाळणा आणि गांवाचे डोळे

शास्त्रपाठ : निर्गम १:२२ ते २:१०, इब्री ११:२३.

घरांत पहिलें मूल जन्मास आलें म्हणजे आनंदापाठोपाठ भयहि उंबरठा ओलांडून आंत येतें. त्यांतून आईबाप नुकतेच प्रभूकडे आलेले, आणि गांवांत ख्रिस्ती घर तेवढें एकच, तर त्या पाळण्यावर साऱ्या गांवाची नजर लागते. पांचवी पुजली नाहीं, सटवाईचें नांव घेतलें नाहीं, मीठमोहऱ्यांनीं दृष्ट काढली नाहीं. आतां पोर कसें जगतें तें पाहूं, असें पाणवठ्यावर बोलणें होतें. रात्रीं मूल जरा कण्हलें कीं आईला दोन भयें घेरतात, एक मुलाचें व दुसरें लोकांचें.

अम्राम व योखबेद यांचा प्रसंग याहून कठीण होता. जन्मलेला प्रत्येक इब्री मुलगा नदींत टाकावा, अशी फारोची आज्ञा त्याच्या सर्व प्रजेस होती. म्हणजे शेजारचा कोणताहि डोळा वैऱ्याचा ठरूं शके. तरी त्यांनीं राजाज्ञेचें भय धरिलें नाहीं, अशी इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत त्यांची साक्ष आहे. मग त्यांनीं मूल तीन महिने लपविलें कां? आम्हांस वाटतें, त्यांची छाती धडधडत नव्हती असें शास्त्र सांगत नाहीं. भय वाटलें, पण त्यांनीं भयाचें ऐकिलें नाहीं.

पुढें लपविणें अशक्य झालें, तेव्हां आईनें लव्हाळ्यांचा पेटारा घेतला. मूळ इब्री भाषेंत ह्या पेटाऱ्यास जो शब्द आहे, तोच नोहाच्या तारवास आहे. इतरत्र तो कोठेंच आढळत नाहीं. तिनें त्यास डांबर व राळ लाविली. देवावर विश्वास आहे म्हणून तिनें पेटाऱ्याच्या फटी उघड्या ठेविल्या नाहींत, हें ध्यानांत घ्यावें.

आपल्या घरीं हें डांबर व राळ कोणती? जन्मल्यावर तासाभरांत बाळास पाजावें. पहिला चीक पिळून टाकूं नये. सहा महिने आईच्या दुधावांचून कांहीं देऊं नये, पाणीसुद्धां नाहीं. क्षयाची लस व पोलिओचे थेंब जन्मतांच, आणि पुढील लसी दीड महिन्यापासून ठरल्या दिवशीं द्याव्या. दोन महिन्यांआंतील मुलास ताप आला तर सकाळची वाट न पाहतां दवाखाना गांठावा. गालावरच्या तिटीवरून मात्र आम्ही वाद घालीत नाहीं. ती शोभेसाठीं लाविली कीं भयानें, हें त्या आईलाच ठाऊक.

एक गोष्ट कबूल करितों. आमच्या पहिल्या मुलास लस टोचल्यावर ताप भरला. असा ताप बहुधा येतो व उतरतो, हें आम्हांस सांगितलेलें होतें. तरी त्या रात्रींच्या प्रार्थनेंत मुलाची काळजी किती आणि पाळकाच्या घराकडे बोट दाखविलें जाईल ही किती, हें आम्हांस निवडतां आलें नाहीं. मूल सकाळीं हंसूं लागलें. आम्हांस दिवसभर लाज वाटत होती.

नदीकांठीं आई एकटी नव्हती. मोशेची बहीण दूर उभी राहून पाहत होती, आणि तिच्या एका प्रश्नानें मूल आईच्या मांडीवर परत आलें. उपदेशकांनीं व मंडळींतील वडील बायांनीं अशा घरीं पांचव्या रात्रीं अवश्य जाऊन बसावें, दिवा लावून गीत म्हणावें, आणि बाळंतिणीला निवांत झोंपूं द्यावें.