सायकलस्वार आणि वाहतूक-नियमन : कोलकात्याचे उदाहरण

वाहतुकीच्या नियमांमागे सामान्यतः दोन हेतू असतात : रस्त्यावरील प्रत्येकाचे रक्षण आणि रहदारीचा अखंड ओघ. हे दोन्ही हेतू नेहमीच परस्परांशी जुळतात असे नाही. कोलकात्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

या शहरात पोलिसांनी २००८ मध्ये ३८ रस्त्यांवर सायकलींना मज्जाव केला. २०१३ मध्ये अशा रस्त्यांची संख्या १७४ झाली. पुढे विरोध झाल्यावर ती ६२ पर्यंत कमी करण्यात आली. रहदारीची गती वाढविणे हे या बंदीचे एक कारण म्हणून सांगितले गेले.

तांबडा दिवा न जुमानणारा किंवा रात्री दिव्यावाचून जाणारा सायकलस्वार स्वतःबरोबर पादचाऱ्यालाही धोक्यात घालतो. त्याला अडविणे हे रक्षणाचेच कार्य होय. बंदीचे स्वरूप मात्र निराळे आहे. तेथे अपराध वर्तनाचा नसतो; वाहनच अपराधी ठरते. दूधवाला, वृत्तपत्र-विक्रेता, मजूर यांच्याकडून शंभर रुपये दंड घेतला जाई, प्रसंगी सायकलही जप्त होई. मोटारमालकाला क्षुल्लक वाटणारी ही रक्कम त्यांच्या दिवसभराच्या कमाईला मोठी चाट लावी. आणि सायकल गेली की त्या दिवसाचे कामच थांबे.

तेव्हा केवळ दंडाच्या पावत्या मोजून अंमलबजावणीचे मोल ठरत नाही. बंद केलेल्या रस्त्याऐवजी सायकलस्वाराला दुसरा सलग व सुरक्षित मार्ग मिळाला काय, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा. तो मिळाला नसेल, तर त्या नियमाने धोका दूर केलेला नसतो; दुर्बळाला मात्र रस्त्यावरून दूर केलेले असते.