सेलवासमध्ये घरची बिअर: खर्च थोडा, मुभा त्याहून थोडी

परदेशातला भाऊ किंवा मित्र सुट्टीला येताना बॅगेतून बिअर बनवायचं किट घेऊन येतो. माल्टच्या अर्काचा डबा, हॉप्सची पुडी, यीस्टचं पाकीट. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हे सेलवासला घरी करून बघायला काय हरकत आहे? इथे बिअर उघड मिळते, वापीसारखी लपवाछपवी नाही. मग घरी केली तर खर्च किती येईल?

आधी हरकतीचं बघू, कारण सगळ्यात महाग बाब तीच आहे. बिअर विकत घेऊन पिणं आणि ती तयार करणं या कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दादरा-नगर हवेलीत २०१२ चा अबकारी विनियम आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करायला तो मुभा देत नाही. परवाने असतात ते कारखान्यांना आणि धंदेवाल्यांना. गच्चीवरच्या वीस लिटरच्या हौसेसाठी त्यात जागा नाही. तलासरी-जव्हारच्या बाजूला गेलात तर महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागू होतो आणि त्यातही विनापरवाना दारू तयार करणं हा कैदेचा गुन्हा आहे. गुजरातने २०१७ मध्ये आपला कायदा दुरुस्त करून तयार करणं, विकणं आणि वाहून नेणं यांसाठीची शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत नेला.

गुजरातचं इथे काय, असं वाटेल. नकाशा उघडा. दादरा आणि नगर हवेली हे सलग तुकडे नाहीत. मध्ये गुजरातची पट्टी आहे. सेलवासहून दादऱ्याला निघालेला माणूस वाटेत गुजरात ओलांडतो. सेलवासच्या दक्षिणेला मघवाल हे गाव चारी बाजूंनी नगर हवेलीने वेढलेलं असूनही गुजरातचं आहे. म्हणजे सेलवासच्या दुकानातून रीतसर घेतलेली बाटलीसुद्धा डिकीत टाकून दादऱ्यातल्या मेहुण्याकडे नेली, तर काही किलोमीटरपुरते आपण दारूबंदीच्या राज्यात असतो. घरी केलेल्या बाटलीला तर बिलाचाही आधार नाही.

ज्यांचं घर अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आहे त्यांची गोष्ट निराळी. इंग्लंडने घरच्या बिअरवरची परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये कायद्यावर सही केली. तिथे एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त करता येते, अर्थात विकायची नाही. तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांना परवानगी द्यायला २०१३ उजाडलं. न्यू जर्सीतल्या किंवा टेक्ससमधल्या आपल्या माणसाने पाच गॅलनची पहिली खेप लावली, तर भांडी, नळ्या आणि हायड्रोमीटर मिळून साधारण शंभर ते दोनशे डॉलर जातात. पुढच्या प्रत्येक खेपेचा कच्चा माल चाळीस-पन्नास डॉलरचा. बाटल्या निघतात पन्नासेक. पहिल्या खेपेला दुकानातली बिअर स्वस्त पडते. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर हिशेब जुळू लागतो. पैसे वाचवायला म्हणून कोणी या नादाला लागू नये, हे तिथेही खरं आहे.

मग सेलवासकराने हातावर हात ठेवून बसायचं का? मुळीच नाही. बिअरची मजा अल्कोहोलमध्ये जितकी आहे तितकीच भाजलेल्या धान्यात, कडवटपणात आणि फेसात आहे. हे तिन्ही अल्कोहोलशिवाय करता येतं. अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांत ०.५ टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेल्या पेयाला मद्य म्हटलं आहे. अबकारी कायद्यांची भाषा मात्र याहून कडक असते. तिथे अल्कोहोल असलेला कोणताही द्रव जाळ्यात येऊ शकतो. म्हणून माझा सल्ला असा: माल्टचं पेय आंबवायचंच नाही, आणि आल्याचं आंबवायचं ते फक्त बुडबुड्यांपुरतं.

नागलीचा माल्ट

खानवेल-मांदोनीच्या डोंगराळ भागात नागली पिकते आणि माल्टसाठी नागलीइतकं सोयीचं तृणधान्य आपल्याकडे दुसरं नाही. मोड आल्यावर तिच्यात पिठाची साखर करणारी विकरं भरपूर तयार होतात. बाळाच्या नाचणीसत्त्वात आपण तेच करत आलो. २०२५-२६ साठी नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे. किरकोळीत किलोला पन्नास-साठ धरा. परदेशी जवाच्या माल्टपेक्षा हा आकडा खूपच खाली आहे.

एक किलो नागली रात्रभर भिजवा, पाणी एकदा बदला, सुती फडक्यात बांधून दोन-तीन दिवस मोड आणा. कडक उन्हात वाळवा आणि हाताने चोळून मोड झाडा. थोडी मंद आचेवर खमंग भाजा, पण सगळी नको, कारण जोरात भाजल्यावर विकरं मरतात. जाडसर दळून घ्या. आता त्यातलं सातशे ग्रॅम पीठ चार लिटर पाण्यात वीस मिनिटं शिजवा, ६५ अंशांपर्यंत निवू द्या आणि न भाजलेलं उरलेलं पीठ त्यात घाला. भांडं गोधडीत गुंडाळून तासभर ठेवा. हे दोन टप्पे टाळू नका. नागलीचं पीठ जास्त उष्णतेला शिजतं आणि विकरं तेवढी उष्णता सोसत नाहीत, म्हणून काही पीठ मागे ठेवायचं. तासाभराने दाट पेज पातळ आणि गोड झालेली दिसेल. खात्री हवी तर बशीत थेंबभर पेज घेऊन त्यावर औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर अजून अर्धा तास थांबा. तपासलेली पेज फेकायची, चाखायची नाही.

गाळून घेतलेला रस हॉप्स घालून अर्धा तास उकळा. हॉप्सच्या शंभर ग्रॅम गोळ्यांना ऑनलाइन पाच-सातशे रुपये पडतात, पण एका खेपेला पाच ग्रॅम पुरतात. हिमाचलातल्या लाहौलमध्ये हॉप्स पिकतात. देशी माल मिळाला तर तो घ्या. हॉप्स नकोत तर संत्र्याची साल आणि गवती चहा घाला. बिअरची आठवण कमी होईल, पण पेय चांगलं लागतं. मोहाची फुलं घालायचा मोह होईल, तो आवरा. शेजारच्या दोन्ही राज्यांच्या दारूबंदी कायद्यांत या फुलांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत.

हिशेब असा. नागली ५५, गॅस २०, हॉप्स ३०. गाळून-उकळून पावणेतीन लिटरच्या आसपास रस मिळतो. तेवढाच बाजारचा सोडा मिसळायचा, त्याचे ९०. साडेपाच लिटर पेयाला १९५ रुपये, लिटरला पस्तीसेक. रस फ्रिजमध्येच ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. बाहेर राहिला तर हवेतलं यीस्ट आपणहून कामाला लागतं आणि आपण ज्या रेघेच्या अलीकडे थांबायचं ठरवलं ती रेघ ओलांडली जाते.

आल्याचा फेस

बहुतेक कृती इथे चुकतात. लिटरला मूठभर साखर घालून बाटली उन्हात ठेवा म्हणतात. सेलवासच्या उन्हाळ्यात दोन दिवसांत अल्कोहोलही होतो आणि काचेची बाटलीही फुटते. साखर मोजली की दोन्ही धोके एकदम आटोक्यात येतात. लिटरमागे सात ग्रॅम साखर पूर्ण आंबली तरी अल्कोहोल ०.४५ टक्क्याच्या आसपास थांबतो. म्हणून साखर पाचच ग्रॅम घाला, सव्वा छोटा चमचा. विरजणातून येणाऱ्या साखरेला जागा राहते. विरजण म्हणजे पाण्यात रोज एक चमचा किसलेलं आलं आणि एक चमचा साखर, पाच-सहा दिवस, बुडबुडे येईपर्यंत. गार केलेल्या आल्याच्या काढ्यात दोन-तीन चमचे विरजण आणि मोजलेली साखर घालून सोड्याच्या जुन्या प्लास्टिक बाटलीत भरा. बाटली दाबून दगडासारखी लागली की लगेच फ्रिजमध्ये. गोडवा पिताना द्यायचा, ग्लासात गुळाचा पाक घालून. आलं, लिंबू, गूळ धरून लिटरला पंधरा रुपयांच्या आसपास खर्च येतो. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना हे देऊ नका. अर्धा टक्का म्हणजे शून्य नव्हे.

साहित्यावर फार उधळू नका. थर्मामीटर दोन-तीनशेचा, हायड्रोमीटर तीनशे ते सहाशेचा. वापीत रासायनिक कारखान्यांमुळे प्रयोगशाळेचं सामान विकणारे आहेत, तिथे विचारा. दुधाचा लॅक्टोमीटर चालत नाही, त्याची पट्टी वेगळी. हायड्रोमीटरचा उपयोग साधा आहे: भरताना आणि उघडताना, दोन्ही वेळा सारख्याच तापमानाला आणि फेस काढून विशिष्ट गुरुत्व मोजा. १.०१० चं १.००६ झालं, म्हणजे ०.००४ ने उतरलं, की अर्ध्या टक्क्याची रेघ आली समजा. झडपेची झाकणं, स्टीलची टाकी, तापमान राखणारी पेटी, चारशे-पाचशेचं परदेशी यीस्ट, हे सगळं खऱ्या बिअरचं सामान आहे. बिअरचं नेहमीचं यीस्ट २० अंशांच्या आसपास रमतं. इथल्या मेमध्ये त्यासाठी वेगळा फ्रिज चालवावा लागेल, आणि एवढा खर्च करून हाती येईल तो गुन्हाच.

किट आणलेल्या पाहुण्याला काय सांगायचं? माल्टच्या अर्काचा डबा वाया घालवायची गरज नाही. तो दुधात, केकमध्ये, सोड्यात उत्तम लागतो. हॉप्स वरच्या कृतीत घाला. यीस्टचं पाकीट मात्र त्याच्याच बॅगेत परत पाठवा.

आलं पावसाळ्यातही करता येतं. नागलीसाठी दिवाळीपर्यंत थांबा: नवं पीक बाजारात आलेलं असतं, हवा कोरडी असते आणि मोडांना बुरशी लागत नाही.