दप्तरांच्या शोधात

वाड्यांच्या माळ्यावर रुमालांत बांधलेली जुनी मोडी पत्रे धूळ खात पडत. त्यांना वाळवी लागे. नाहीतर ती रद्दीत जात आणि वाणी त्यांत हळद-जिरे बांधून देई! विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना ही हानी सोसवेना. कागदांसाठी ते गावोगाव हिंडले. परक्याने कागद पाहिले तर आपले इनाम जाईल, या धास्तीने कित्येक घरधनी दप्तर उघडूच देत नसत. तरी राजवाड्यांनी शोध सोडला नाही. वाई येथे त्यांना १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतच्या लढाईपर्यंतची पत्रे मिळाली. त्यांचा खंड १८९८ साली निघाला; पुढे असे एकूण २२ खंड झाले. १९२६ साली राजवाडे धुळ्यास वारले. दुसऱ्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ निघाले व त्यांनी जमविलेल्या कागदांना हक्काचे घर मिळाले.