मनगट धरलं तर?

प्रश्न : पहाटे मी एकटी फिरायला जाते. कुणी मनगट धरलं तर हात पिरगाळून पाडायचे डाव व्हिडिओत दाखवतात. घरी शिकता येतील का? (वय ४६, सांगली)

उत्तर : ताई, पिरगाळणं सध्या राहू द्या, सुटायला शिका. पकडीत चार बोटं एकीकडे, अंगठा एकटा दुसरीकडे. पकड कच्ची असते ती या दोहोंमधल्या फटीतच. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवा, पाऊल पकडणाऱ्याच्याच दिशेने टाका आणि कोपर वाकवत झटक्यात हात काढा. सरळ मागे ओढलात तर मामला निव्वळ ताकदीवर जातो.

पिरगाळणं का नको? कोपर बिजागरीसारखं एकाच दिशेला वाकतं, म्हणून उलटा दाब असह्य होतो. पण त्यासाठी समोरच्याचा दंड आणि मनगट दोन्ही जखडावी लागतात. घामट हातावर, घाबरलेल्या अवस्थेत नवख्याला हे जमत नाही. ज्युदोच्या स्पर्धेतही सांध्यांपैकी फक्त कोपरावर डाव चालतो, तोही प्रतिस्पर्ध्याने हार मानून थाप मारली की सोडायचा. रस्त्यावर थाप कोण मारणार! घरी यजमानांवर सराव कराल तर सावकाश, त्यांना विचारून.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३७ स्वसंरक्षणातही गरजेपेक्षा जास्त इजा करू देत नाही. हात सुटला की ओरडा, पळा आणि ११२ लावा.