इंग्रजीचा ऑनलाइन सराव : पर्यायाकडून वाक्याकडे

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत इंग्रजीची ३०० गुणांची प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेसाठी असते. तथापि, तीत किमान २५ टक्के गुण न मिळाल्यास उमेदवाराच्या निबंध, सामान्य अध्ययन व वैकल्पिक विषयांच्या गुणांचा विचारच होत नाही. त्यामुळे मातृभाषेतून शिकलेल्या उमेदवारांनी या विषयाकडे दुर्लक्ष करणे घातक ठरते.

स्मरण दृढ करण्यासाठी ऑनलाइन प्रश्नमंजूषा उपयुक्त आहेत. रोडिगर व कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुनर्वाचन करणारे विद्यार्थी सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र आठवेल ते लिहून काढणाऱ्यांना मजकूर अधिक आठवला. येथे लक्षणीय बाब म्हणजे या विद्यार्थ्यांनी पर्याय निवडले नव्हते, तर स्वतः लिहिले होते. ऑनलाइन सरावात बहुधा केवळ निवड असते. निबंध व सारांशलेखनात मात्र वाक्य स्वतःच रचावे लागते.

मराठीत 'अ', 'ॲन', 'द' यांसारखी उपपदे नाहीत. म्हणून तेथे चुका संभवतात. 'अवर'पूर्वी 'ॲन', तर 'युनिव्हर्सिटी'पूर्वी 'अ' येते, कारण येथे अक्षर नव्हे, उच्चार निर्णायक असतो.

यास्तव पर्याय झाकून प्रथम उत्तर लिहावे. चुकल्यास त्यामागील नियम वहीत नोंदवून त्यावर दोन वाक्ये रचावीत व आठवड्याने तोच प्रश्न पुन्हा सोडवावा. प्रश्नमंजूषेतील गुणांपेक्षा अशी वहीच परीक्षेत अधिक उपयोगी पडते.